जर्मनची नाव घेताय? आधी तिच्यात पाणी ओता

गेल्या उन्हाळ्यात विश्रामबागच्या चौकात चहाच्या गाड्यावर तिघा जणांनी मला गाठलं. तिघंही मिरज पूर्व भागातले. एकाची दीड एकर द्राक्षबाग, दुसऱ्याचा म्हशींचा गोठा, तिसरा टेम्पोवर ड्रायव्हर. द्राक्षवाल्यानं मोबाईल पुढं केला. त्यात नावेचा फोटो. निळा रंग, वर पांढरा पट्टा, अगदी नवी कोरी वाटावी अशी.

"साहेब, जर्मनची हाय. बारा फुटी. पस्तीस हजार म्हणतोय. बघा की जरा, घ्यावी का?"

आपल्याकडं अ‍ॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं असतं, तशी ही जर्मनची नाव. मी पहिल्यांदा हसलोच. कृषी पदविकेला आम्हाला नांगर, पाभर, फवारणी पंप सगळं शिकवलं, पण नाव काही अभ्यासक्रमात नव्हती. मात्र त्यांनी मलाच का विचारलं ते लगेच लक्षात आलं. पूर्व भागात नाव कळणारं माणूस विचारायचं तरी कुणाला? ज्या भागात टँकरची वाट बघण्यात दोन पिढ्या गेल्या, तिथं वल्हं हातात धरलेला माणूस सापडायचा कसा?

म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी पूर्वेकडच्या तलावात पडायला लागलं आणि हा प्रश्न उभा राहिला. पूर्वी पावसाळ्यानंतर चार महिन्यांत तळ दाखवणारे तलाव आता उन्हाळ्यातही पाणी धरू लागले. पाणी टिकलं की मासा आला. कटला, रोहू, मृगळाची बोटुकली सोडायची, वर्षभरात विक्रीजोगा मासा धरायचा. हे तिघं गावच्या मत्स्य संस्थेचे सभासद होते, पण मासा धरायचं काम आजवर बाहेरची माणसं करायची. यंदा आपणच धरू म्हणाले. जाळं घेतलं, आणि नाव बघायला निघाले. तिघांपैकी दोघांना पोहता येत नव्हतं. हे मला त्यांनी चहा संपल्यावर सांगितलं, तेसुद्धा मी विचारलं म्हणून.

मी म्हटलं, मला नावेतलं कळत नाही, पण ज्याला कळतं त्याला घेऊन येतो. कृष्णाकाठच्या एका गावात भोई समाजातले एक वयस्कर गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. सगळे त्यांना तात्या म्हणतात. आयुष्य नदीवर गेलं. लाकडी होडी वापरली, पत्र्याची वापरली, आता मुलं फायबरची वापरतात. रविवारी त्यांना गाडीवर मागं बसवलं आणि आम्ही नाव बघायला गेलो. नाव एका बंद पडलेल्या सहलीच्या ठिकाणची होती. तिथून ती कुणीतरी घेतली होती आणि आता पुढं विकायला काढली होती.

तात्यांनी नावेला एक फेरी घातली, हात लावला नाही. मग मालकाला म्हणाले, "खाली चार लाकडं लावा आणि नळी आणा. पाणी घालू आत."

मालक म्हणाला, "आजोबा, नाव पाण्यात सोडून बघा की. तळं शेजारीच हाय."

"पाण्यात सोडली तर पाणी आत कुठनं येतंय ते दिसत न्हाई. पाणी आत घातलं की बाहेर कुठनं जातंय ते दिसतंय."

शेतकरी बंधूंनो, एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी या लेखाचं काम झालं. ठिबकची नळी आपण कशी तपासतो? पाणी सोडतो आणि थेंब कुठं पडतो ते बघतो. नावेचं तसंच. नाव जमिनीपासून गुडघाभर उंच ठेवायची. टेकू मात्र चार-पाच ठिकाणी द्यायचे, कारण पाण्याचं वजन फार. आत वीतभर पाणी भरायचं, त्याहून जास्त नको. पत्रा बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचा आणि अर्धा तास थांबायचं. जिथं ओल धरेल तिथं खडूनं खूण करायची. विकणारा याला नाही म्हणाला तर पुढं बोलायचं कारण नाही.

आमच्या निळ्या नावेवर पहिल्या दहा मिनिटांत काही दिसलं नाही. द्राक्षवाल्याचा चेहरा खुलला. मग तळाच्या मधल्या पट्टीवरच्या रिबिटांच्या ओळीला घाम फुटला. एक, दोन, पाच, अकरा. मागच्या बाजूला तर धारच लागली. रंगाखाली एम-सीलचं ठिगळ होतं, ते पाण्याच्या वजनानं सुटलं.

तात्या एवढंच म्हणाले, "नवा रंग दिलाय म्हंजे काय तरी झाकलंय."

आता जर्मनच्या नावेचा मोह का पडतो तेही सांगायला पाहिजे, कारण मोह अगदीच खोटा नाही. लोखंडाचं वजन पाण्याच्या जवळजवळ आठपट, अ‍ॅल्युमिनियमचं पावणेतीनपट. बारा फुटी नाव साधारण ५० ते ७० किलोत बसते. दोन गडी उचलून ट्रॉलीत टाकतात आणि संध्याकाळी घरी नेतात. तलावावर नाव ठेवली की वल्ही जातात, कधी नावच जाते, हा अनुभव सगळीकडं आहे. लाकडासारखं दरवर्षी डांबर लावायला नको, लोखंडासारखा गंज नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लढाऊ विमानं करणाऱ्या ग्रुमन कंपनीनं विमानाचाच पत्रा आणि तेच रिबीट मारायचं तंत्र वापरून छोट्या नावा काढल्या. तिकडं हौशी मासेमार अजून अशा नावा वापरतात. आपल्या जिल्ह्यात मात्र त्या तुरळकच. इथं लाकडी, पत्र्याची आणि अलीकडं फायबरची नाव जास्त. आणि महापुरात जुनी माणसं गुळाच्या काहिलीत बसून पैलतीराला गेलेली आहेत, हे सांगलीकराला वेगळं सांगायला नको.

पण "गंजत नाही" याचा अर्थ "झिजत नाही" असा नव्हे. द्राक्षवाल्याला मी हे त्याच्याच भाषेत समजावलं. बोर्डो मिश्रण केलं की आपण त्यात लोखंडी विळा बुडवून बघतो. विळ्यावर तांबूस थर आला तर मोरचूद जास्त झालं, अजून चुना घालायचा. तो तांबूस थर म्हणजे द्रावणातलं तांबं लोखंडावर बसतं आणि तेवढं लोखंड द्रावणात जातं. अ‍ॅल्युमिनियमवर मोरचूद सांडलं तर असंच होतं, आणि लोखंडापेक्षाही वाईट. पत्र्याला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि ते आत आत खात जातात. म्हणून बागायतदाराची नाव असेल तर त्यात फवारणीचं पिंप, मोरचुदाची पिशवी कधी ठेवली होती का ते विचारा. ओला चुना आणि सिमेंटही तेच करतं. आत पांढरी भुकटी धरलेली दिसली तर ती नखानं खरवडा, खाली खड्डा आहे का बघा. टोच्यानं दाबा. चांगला पत्रा टोच्याला दाद देत नाही. खाल्लेला पत्रा दबतो, कधी आरपार जातो.

त्याच कारणानं नट-बोल्टाची नाव टाळा. ढिल्या झालेल्या रिबिटाच्या जागी कुणीतरी लोखंडी नट-बोल्ट ठोकलेला असतो. दोन वेगळे धातू ओल्यात एकमेकांना चिकटून राहिले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं, बोल्टाभोवतीचं भोक मोठं होत जातं. तांब्या-पितळेचा तुकडा तर नावेत ठेवूच नये. खरं काम रिबिटाचंच, आणि रिबीट ढिलं असेल तर ते पुन्हा बसवता येतं. एकानं आतून जड लोखंड टेकवायचं, दुसऱ्यानं बाहेरून हातोडी मारायची. दहा-बारा रिबिटं गळतात म्हणून नाव वाया गेली असं नाही. दोन माणसांचं एका दुपारचं काम आहे. बाजारात मिळतं ते पोकळ रिबीट मात्र मारू नका, त्याच्या मधून पाणी येतं.

चीर असेल तर गोष्ट वेगळी. चीर बहुतेक दोन ठिकाणी पडते, बैठकीच्या पट्ट्या बाजूला जोडलेल्या असतात तिथं आणि मागच्या कोपऱ्यात. गावातला वेल्डर लोखंडाच्या मशीननं ती सांधायला जाईल तर पत्रा लोण्यासारखा गळून पडेल. त्याला आर्गॉनचं वेल्डिंग लागतं. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत ते करणारे कारागीर आहेत, पण नाव तिथपर्यंत न्यायचा टेम्पो आणि मजुरी धरूनच किंमत ठरवा. पोचे मात्र घाबरण्यासारखे नाहीत. दगडावर आपटून पोचलेली नाव वाईट दिसते, पण पत्रा फाटला नसेल तर ती तरते. रंगवलेल्या नावेपेक्षा पोचलेली उघडी नाव मी तरी आधी बघेन.

आता मागची फळी. इंजिन लावायच्या नावेला मागच्या बाजूला पत्र्याच्या आत लाकडाची फळी असते, ती बहुधा प्लायवूडची. पाणी मुरून ती आतल्या आत कुजते आणि वरून काही कळत नाही. अंगठ्यानं दाबा, स्क्रू पिळून बघा. निळ्या नावेचा स्क्रू तात्यांनी नुसत्या बोटांनी बाहेर काढला. त्याच्याबरोबर ओला भुसा आला, करवतीखाली पडतो तसा. अशा फळीवर इंजिन लावलं तर ते एखाद्या दिवशी फळीसकट तळाला जाईल.

तिघांना इंजिनही हवं होतं. मी नको म्हणालो, तात्याही नको म्हणाले. दोघांची कारणं वेगळी. तात्यांचं कारण असं, की वल्हवता येत नाही त्यानं इंजिनवर बसू नये, कारण इंजिन बंद पडल्यावर वल्हंच मारायचं असतं. माझं कारण कागदाचं. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानं यंत्रावर चालणाऱ्या नावेला तपासणी आणि नोंदणी लागते. आपल्या राज्यात ते काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडं आहे. जुनं इंजिन घेताना मागचे कागद नसतील तर ती कटकट आपल्या गळ्यात पडते. गावच्या तलावात वल्ही आणि लांब बांबू पुष्कळ झाले.

नाव कुठं घालणार हेही आधी ठरलेलं असावं. तलाव ज्या संस्थेकडं ठेक्यानं आहे तिचे तुम्ही सभासद नसाल तर नाव घेऊन उपयोग नाही. शिराळ्याकडचे कुणी वारणेच्या जलाशयात नाव घालायचा विचार करत असतील तर चांदोली २००४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. वनखात्याला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. कोयनेच्या शिवसागराकडंही तेच. आणि शेततळ्यात जर्मनची नाव अजिबात घालू नका. तळाच्या पट्टीची आणि रिबिटाची धार प्लॅस्टिकच्या कागदाला लागली की तळं रिकामं झालंच म्हणून समजा. तिथं फुगवलेली ट्यूब बरी.

आकाराबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे. लांब आणि निमुळती नाव चांगली, असं वाटतं, कारण आपण सांगलीच्या होड्यांच्या शर्यती बघितलेल्या असतात. शर्यतीची होडी पळायला केलेली असते. जाळं ओढताना दोघं एकाच बाजूला वाकतात, तेव्हा तसली होडी उलटायला वेळ लागत नाही. तलावासाठी तळ सपाट आणि रुंद पाहिजे. माणसं किती बसवायची याचा एक ठोकताळा अमेरिकेत वीस फुटांखालच्या साध्या नावांना लावतात. फुटातली लांबी गुणिले फुटातली रुंदी, भागिले १५. आपली नाव १२ फूट लांब आणि ४ फूट रुंद. गुणाकार ४८, भागिले १५, म्हणजे तीन माणसं. त्यातही भिजलेलं जाळं आणि धरलेला मासा हे एका माणसाचं वजन धरा. राहिले दोघं. सगळं भरल्यावर नावेची कड पाण्याच्या वर निदान वीतभर राहिली पाहिजे.

कृष्णेत नाव घालणाऱ्यांना या वीतभराचं दुसरंही कारण आहे. भिलवडी, औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत हे तिकडच्या लोकांना माहीत आहे. पाण्याला टेकलेल्या कडेवरून हात बाहेर टाकून बसणं, मासे नावेतच साफ करून घाण कडेला सोडणं, या सवयी तलावावर चालून जातील, नदीत नाही.

माणसं जास्त झाल्यावर काय होतं हे आपल्या जिल्ह्याला सांगायची वेळ येऊ नये. ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी नाव उलटली. ती क्षमतेपेक्षा जास्त भरलेली होती. बायका आणि मुलं गेली. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला जाणारी नाव वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले, एकच पोहून काठाला लागला. दुसऱ्या घटनेचा मे महिना लक्षात घ्या. तलावावर मासा धरायचा मोसमही उन्हाळ्याचाच, आणि वळवाचा वारा दुपारनंतर सुटतो. आभाळ ईशान्येला काळं दिसलं की जाळं पाण्यात असलं तरी काठाला यायचं. जाळं दुसऱ्या दिवशी सापडतं.

नाव उलटली किंवा भरली तरी ती तळाला जाता कामा नये, आणि इथं जर्मनची नाव लाकडीपेक्षा उणी पडते. लाकूड तरतं, अ‍ॅल्युमिनियम बुडतं. म्हणून बैठकीखाली फोम भरलेला असतो. जुन्या नावेत तो फोम पाणी पिऊन जड झालेला असतो किंवा कुणीतरी काढून टाकलेला असतो. बैठकीची पट्टी उघडून हात घालून बघाच. आत काही नसेल तर हिशोब सोपा आहे. ६० किलोची नाव पाण्यात पूर्ण बुडाली की २२ किलोचा भार पाणी पेलतं, राहिले ३८ किलो. वीस लिटरचा बूच पक्कं बसवलेला रिकामा कॅन १९ किलोच्या आसपास उचलतो. दोन कॅननं नाव जेमतेम तरेल, धरून राहणाऱ्या माणसांसाठी आणखी दोन. असे चार कॅन बैठकीखाली दोन्ही बाजूंना कडेच्या जवळ दोरीनं घट्ट आवळून बांधायचे. सुटे ठेवले तर तुमच्याआधी तेच वाहून जातील. कॅन खाद्यतेलाचे घ्या. औषधाचे रिकामे कॅन तलावात नेऊ नका, मासा लोकांच्या ताटात जायचा आहे.

किमतीचं बोलायचं तर जर्मनच्या नावेला एक तळाचा भाव असतो, तो भंगाराचा. नावेचं वजन काट्यावर करून घ्या, त्या दिवशीचा अ‍ॅल्युमिनियमच्या भंगाराचा भाव विचारा आणि गुणाकार करा. गळकी नाव त्याच्या फार वर जाता कामा नये, कारण विकणाऱ्यालाही शेवटी तेवढंच मिळणार असतं. संस्थेच्या सभासदांनी मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयातही एक चक्कर मारावी. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये आली, त्यात सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाचं प्रमाण ठेवलेलं आहे. कोणती बाब कधी खुली असते ते तिथंच कळेल. कधी कधी जुन्या नावेची किंमत आणि दुरुस्ती मिळून नव्या फायबरच्या नावेत आपला वाटा जेवढा पडतो तेवढीच होते.

आमच्या निळ्या नावेचं काय झालं? ती घेतली नाही. पण द्राक्षवाल्यानं आदल्याच दिवशी पाच हजार विसार देऊन ठेवले होते. हे त्यानं आम्हाला तिथं गेल्यावर सांगितलं. मालकानं परत द्यायला चक्क नकार दिला. कागद नव्हता, पावती नव्हती. परतीच्या वाटेवर ड्रायव्हर म्हणत होता, "पाच हजार गेलेच हायत, तर घेऊनच टाकू आणि दुरुस्त करू." तात्या मागं वळून म्हणाले, "पाच हजार गेले ते गेले. आता त्यांच्या मागनं आणखी तीस घालवतोस व्हय?" विसार देण्याआधी पाणी ओतायचं, हा क्रम मी स्वतः त्यांना चहाच्या गाड्यावरच सांगायला हवा होता. मी फोटो बघून हसत बसलो.

महिन्याभरानं त्यांना दुसरी नाव मिळाली. तीही जर्मनचीच, नदीकाठच्या एका घरातली, मुलांनी फायबरची घेतल्यावर पडून राहिलेली. रंग नाही, डाव्या बाजूला परातीएवढा पोचा, इंजिनची फळी नाहीच. पाणी ओतलं तर चार रिबिटांना ओल. तिथल्या तिथं तात्यांनी हातोडी मागवली. एकवीस हजाराला ठरली. बैठकीखाली काहीच नव्हतं, म्हणून चार कॅन बांधले. दोन लाइफ जॅकेट आयएसआय शिक्का बघून सांगलीतून घेतली. त्या खर्चाला गोठेवाला कुरकुरला.

तलावावर नाव नेली त्या दिवशी गावातली पन्नास-साठ माणसं जमली होती. नारळ फोडला. गोठेवाला जॅकेट हातात घेऊन चढायला निघाला, तर तात्यांनी त्याला अडवलं. जॅकेट अंगात घालायला लावलं, पट्टे आवळले आणि कमरेएवढ्या पाण्यात नेऊन म्हणाले, "पाय उचल." तो काही पाय उचलेना. काठावरची पोरं हसायला लागली. पाच-सात मिनिटं तो तसाच उभा, तात्यांचा हात धरून. मग एकदाचे त्यानं पाय उचलले आणि पाण्यावर उताणा तरंगायला लागला. त्यानंतर तात्यांनी त्याच्या हातात वल्हं दिलं.